रद्दीवाल्याआधी आपण पोहोचू या

डिसेंबरातली गोष्ट. नाताळच्या आधी घराला रंग काढायचा म्हणून आमच्या ओळखीच्या एका घरातला माळा रिकामा होत होता. घर निवृत्त शिक्षकाचं, मराठी ख्रिस्ती, तीन पिढ्या जबलपुरात. सर आता नाहीत. मुलं परगावी, नातवंडं घरात हिंदी बोलतात आणि बाहेर इंग्रजी. अंगणात कबाडी बसला होता (रद्दीवाल्याला आमच्याकडे कबाडीच म्हणतात) आणि त्याच्या काट्याला एक पोतं लटकत होतं. वर्तमानपत्रं, जुनी गाइडं, आणि मधेच पाठ निसटलेलं एक जाड पुस्तक. काढून पाहिलं तर ‘उपासना संगीत’, मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचं गीतांचं पुस्तक.

पहिल्या कोऱ्या पानावर बारीक अक्षरात जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू ओळीनं लिहिलेले होते. सगळ्यांत वरची नोंद मोडीत. तिच्याखालच्या बाळबोध मराठीत, टाकाच्या शाईत. मग बॉलपेन येतो. शेवटच्या दोन ओळी हिंदीत आहेत. एका घराण्यानं लिपी कधी बदलली आणि भाषा कधी सोडली, ते एका पानावर दिसत होतं. पुस्तकाखाली सुतळीनं बांधलेले ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाचे सुटे अंक होते, कडा पावसाळ्यानं तपकिरी झालेले.

त्या घरच्या वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, ठेवून काय करायचं? वाचणारं कोण उरलंय आता?”

त्यांचा प्रश्न खोटा नव्हता, आणि तेव्हा मला काही बोलता आलं नाही. पोतं मात्र मी उतरवून घेतलं. तेव्हापासून त्या प्रश्नाचं उत्तर शोधतो आहे. ते आज जबलपूरच्या आणि बाहेरच्या सगळ्या मराठी माणसांपुढं ठेवतो.

आमच्या शहरात लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज आहे. मेथडिस्ट मिशननं १९२३ साली सुरू केलेली ही संस्था आता शंभरी ओलांडून गेली. पाळक होऊ पाहणारी मुलंमुली देशाच्या वेगवेगळ्या भागांतून इथं शिकायला येतात. त्यांना पदवी मिळते ती बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सिनेटची. अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर वेगळं. हे हुगळीकाठचं, मिशनरी विल्यम केरीचं. अशा कॉलेजाच्या ग्रंथालयात काय असतं असं विचारलं तर बहुतेक जण सांगतील, बायबलं आणि प्रवचनं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. माझ्या घरी देवघर आहे, तुळस आहे. पाळकांच्या ग्रंथालयाशी माझा काय संबंध, या विचारानं मी कधी तिकडं पाहिलं नाही.

ती चूक होती. धर्मशास्त्र शिकवायचं तर हिब्रू आणि ग्रीकचे कोश लागतात, बायबलमधला प्रत्येक शब्द कुठं कुठं आला ते सांगणाऱ्या शब्दसूची लागतात, भाष्यं लागतात. पण भारतात हे शिकवायचं तर गीता, कुराण, बौद्ध आणि भक्तिपरंपरा यांवरचे ग्रंथ लागतात, जातींचा आणि आदिवासींचा अभ्यास लागतो, दुष्काळाचा इतिहास लागतो. मिशनचे जुने अहवाल लागतात. त्यांत बाप्तिस्म्यांच्या आकड्यांच्या शेजारी पटकीची साथ आणि धान्याचे भाव लिहिलेले सापडतात. विद्यार्थी आपल्या गावाच्या मंडळीवर, आपल्या जमातीच्या गाण्यांवर प्रबंध लिहितात. अशा प्रबंधाच्या दोन-चार टंकलिखित प्रतीच निघतात, आणि त्यांतली एक कपाटात राहते. छापील पुस्तक हरवलं तर कुठं तरी दुसरी प्रत मिळते. या प्रबंधाचं तसं नाही.

आणि या सगळ्याच्या मधोमध ग्रंथपाल बसलेला असतो. कोणतं कपाट कशाचं, कोणत्या अहवालात कोणत्या गावाचं नाव येतं, कोणत्या पुस्तकाच्या मागं परिशिष्ट आहे, हे त्याच्या डोक्यात असतं. संशोधनाची सेवा म्हणतात ती हीच. ती पगारपत्रकावर एका ओळीत दिसते. म्हणून काटकसर करायची वेळ आली की पहिली कात्री त्या ओळीवर चालते.

आता मराठीकडं येतो.

मराठी छपाईची एक सुरुवात केरीच्या श्रीरामपुरात झाली. मराठी भाषेचं त्याचं व्याकरण १८०५ सालचं, कोश १८१० सालचा. वैजनाथ शर्मा हे पंडित त्याच्या हाताशी होते. तिथं पुढं मराठी छापली गेली ती बहुतेक मोडी लिपीत. नागपूरच्या रघुजी भोसल्यांची वंशावळीही तिथल्या छापखान्यानं मोडीत छापली. १८१७ च्या अखेरीस इंग्रज येईपर्यंत हे जबलपूर भोसल्यांच्याच ताब्यात होतं, हे लक्षात घेतलं म्हणजे हुगळीकाठचा तो छापखाना आम्हाला परका वाटत नाही. पुढं १९५६ पर्यंत मध्य प्रांताची, आणि नंतर जुन्या मध्य प्रदेशाची, राजधानी नागपूर होती. मराठी कारकून, वकील, मास्तर, रेल्वेवाले नागपूरहून बदलीवर इथं येत आणि इथंच घरं बांधत. राज्यं वेगळी झाली आणि आमचे कागद सरहद्दीच्या अलीकडं राहिले. महाराष्ट्रातल्या दप्तरखान्याला ते परराज्यातले, मध्य प्रदेशच्या दप्तरखान्याला ते परभाषेतले. कोणाच्याच खात्यावर नसलेला कागद सर्वांत आधी नाहीसा होतो.

११ मार्च १८१२ ला श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. रचलेले खिळे, कागदाचे गठ्ठे जळाले, आणि हस्तलिखितंही. केरी कित्येक वर्षं रचत असलेला बहुभाषी कोश त्यात गेला. खिळे पुन्हा ओतता आले, कागद पुन्हा आला. कोश परत उभा राहिला नाही. आज आमच्याकडं आग लागत नाही. आमच्याकडं कसर आहे, वाळवी आहे, नर्मदेकाठचा दमट श्रावण आहे, आणि दर नाताळ-दिवाळीला माळा साफ करणारी माणसं आहेत.

किती जाऊ शकतं याचं सर्वांत मोठं उदाहरण ‘ख्रिस्तपुराण’. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, तिथल्या बोलीत मुरला आणि मराठी ओवीत जवळपास अकरा हजार ओव्यांचं पुराण रचून गेला. ते १६१६ साली रोमन लिपीत छापलं, १६४९ साली पुन्हा, १६५४ साली तिसऱ्यांदा. त्या काळात एखादं मराठी पुस्तक तीन वेळा छापलं जावं ही केवढी गोष्ट! १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयनं स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं, मागून शतकं उलटली. आज त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत कुठं उपलब्ध नाही. तीन आवृत्त्या, आणि हाती एक पान नाही.

मग आपल्याला ते कसं वाचायला मिळालं? मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांनी ते हातानं उतरवून ठेवलं होतं, चातुर्मासात पोथी वाचावी तसं वाचलं होतं. त्या प्रतींवरून १९०७ साली मंगळूरला सालढाणांनी ते पुन्हा छापलं. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात लंडनमधल्या मार्सडेनच्या संग्रहात त्याची देवनागरी प्रत जस्टिन अॅबट यांच्या नजरेला आली. तुकाराम-एकनाथांना इंग्रजीत नेणारे ते अॅबट हेच. शांताराम बंडेलूंची देवनागरी आवृत्ती पुण्यात निघाली ती १९५६ साली. म्हणजे एक मोठा मराठी ग्रंथ वाचला तो दोन ठिकाणांमुळं: सामान्य माणसांच्या घरातली फडताळं आणि एका ग्रंथालयातलं कपाट. फडताळ किंवा कपाट, दोन्हींपैकी एक जरी नसतं तरी आपल्या हातात आहे त्यातलं बरंच नसतं.

दुसरं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं. १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’नं एक निबंध दोन भागांत छापला. लेखिका जोतीराव फुल्यांच्या शाळेतली, मांग समाजातली विद्यार्थिनी, मुक्ता साळवे. विषय मांग-महारांच्या दुःखाचा. आज तो निबंध अभ्यासला जातो, त्यावर परिसंवाद होतात, दलित स्त्रीच्या लेखणीचा आरंभ म्हणून त्याचं नाव घेतात. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशननं सुरू केलं. त्याच्या जुन्या फाइली कोणीतरी बांधून ठेवल्या, कोणीतरी पावसाळ्यात उन्हाला टाकल्या, कोणीतरी ‘जुनं आहे, जागा अडवतं’ म्हणणाऱ्याला नको म्हटलं. त्या माणसांची नावं कोणाला ठाऊक नाहीत. त्यांनी एकदा जरी मान डोलावली असती तर ती मुलगी आपल्याला बोलताना ऐकू आली नसती.

सुतळीनं बांधलेले ते अंक मी त्या दिवशी सोडून पाहिले तेव्हा हीच गोष्ट मनात होती. माझ्या हातातल्या अंकांत मुक्ता साळवे नव्हती. विसाव्या शतकातले अंक होते ते. मंडळीच्या बातम्या, एका मुलींच्या वसतिगृहाचा हिशेब, कोणाच्या तरी ख्रिस्तवासी आजीवर लिहिलेलं अर्धं पान. त्या अर्ध्या पानात ती आजी मध्य प्रांतातल्या दुष्काळात अनाथ झाली आणि मिशनच्या शाळेत मराठी शिकली असं लिहिलं होतं. आपल्याकडं सरदारांच्या बखरी आहेत. दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलीचं चरित्र मात्र अशा अर्ध्या पानावरच मिळतं.

मध्य प्रांतातल्या दुष्काळाचं मराठी पुस्तकांशी आणखी एक नातं आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि शेकडो मुलींना सोबत घेऊन गेल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी छापखाना उभा केला आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. त्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या हातांत मुक्तीतल्या मुलींचे हात होते. १९२२ साली बाई गेल्या, बायबल १९२४ साली आलं. एका बाईनं केलेलं आणि बायकांच्या हातून छापलेलं ते पुस्तक पुण्या-मुंबईचं सोडा, आमच्या जबलपुरातल्याही एखाद्या माळ्यावर असू शकतं. पुढचं पान फाटलं असेल तर ते ओळखू येणार नाही. ओळखणारा माणूस लागतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना बायबल हाती आलं ते १८९३ साली, नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत. पुढं ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ तर आपण सगळ्यांनीच वाचली. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा हा प्रवाह मराठीच्या मुख्य धारेतच आहे. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचं. मराठी कादंबरीचा इतिहास त्याच्यापासून सुरू करावा लागतो. निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी खिळ्यांचं काम शिकले ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात, टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली. ज्यांच्या टायपात आपल्या आजोबांनी गीता वाचली, त्या टायपाची मुळं तिथं आहेत.

मग हे सगळं सापडत का नाही? याचं एक कारण अगदी साधं आहे. जगभरातली पुष्कळ ग्रंथालयं ड्यूईच्या पद्धतीनं पुस्तकं लावतात. ती पद्धत १८७६ सालची, अमेरिकेतली. धर्माला तिच्यात २०० चा आकडा. त्यातला बहुतेक पसारा ख्रिस्ती धर्माला दिलेला आणि अख्खा हिंदू धर्म २९४.५ या एका फटीत बसवलेला. मराठी साहित्य ८९१.४६ वर, दूर दुसऱ्या रांगेत. आता टिळकांचं गीतांचं पुस्तक कुठं ठेवायचं? कोणी उपासनेत ठेवतो, कोणी संगीतात, कोणी मराठी कवितेत. त्यातच नावांचा घोळ. थॉमस स्टीफन्स कुठं स्टीव्हन्स असतो, पोर्तुगीज ग्रंथांत पाद्री एस्तेव्हाँव असतो. टिळक शोधायला गेलेल्या पोराला लोकमान्य मिळतात. संगणकात हे कोणी भरून ठेवल्याशिवाय संगणक सांगत नाही. आणि ते भरायला मराठी वाचणारा, मराठी ख्रिस्ती इतिहास थोडा तरी जाणणारा माणूस लागतो. हिंदी आणि इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजात तो कुठून येणार? तो आपल्यातूनच यायला हवा.

“सगळं आता नेटवर आहे” असं मला माझ्याच मुलांनी सांगितलं. पुष्कळ आहे, आणि ज्यांनी ते चढवलं त्यांचे आपण ऋणी आहोत. पण नेटवर तेच जातं जे आधी कोणी जपलेलं असतं. वहिनींच्या माळ्यावरची कोऱ्या पानावरची नोंद नेटवर नाही. मोडीतला हिशेब यंत्राला सुखासुखी वाचता येत नाही. स्कॅन करायचा म्हटला तरी मूळ कागद हातात लागतो.

धोका एकट्या जबलपुराला नाही, आणि मी कोणत्याही संस्थेवर बोट ठेवत नाही. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. ती १९८३ साली यवतमाळहून अख्खीच्या अख्खी पुण्याला आली. ज्ञानदीप विद्यापीठ आहे. तेही १९५५ साली श्रीलंकेतल्या कँडीहून स्थलांतरित झालेलं. गोव्यात राशोलची सेमिनरी आहे. यांतल्या बऱ्याच ठिकाणी पुस्तकं प्रवास करून आलेली आहेत. आणि ग्रंथपालांना दर वर्षी तोच प्रश्न विचारला जातो: हे मराठी कोण मागतं? वर्षभरात कोणीच मागितलं नाही, तर पुढच्या छाटणीत ते कपाट रिकामं होतं. छाटणी करणाऱ्याचा राग येऊन उपयोग नाही. त्याच्या वहीत आपलं नावच नाही.

म्हणून पहिली विनंती ही की ती वही आपल्या नावांनी भरा. जबलपूरकरांनो, तुम्ही कोणत्या धर्माचे आहात हे बाजूला ठेवा. आपल्या शहरातल्या लिओनार्ड कॉलेजाच्या ग्रंथालयात बाहेरच्या वाचकासाठी काय नियम आहेत ते रीतसर विचारा, परवानगी घ्या, जाऊन बसा. मराठी काय आहे ते विचारा. आणि पुन्हा विचारा. महाविद्यालयात शिकवणाऱ्यांनी आपल्या एका तरी विद्यार्थ्याला अशा ग्रंथालयातून विषय शोधायला लावावा: मध्य प्रांतातली मराठी मंडळी, मिशनशाळांतल्या मास्तरणी, मराठी ख्रिस्ती कीर्तन. विषयांची वाण नाही, विद्यार्थ्यांची आहे.

ज्यांना मोडी येते त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. तुम्ही आता थोडे उरला आहात. महिन्यातले दोन तास द्या. मोडीतलं एक पान वाचून त्याखाली बाळबोधीत लिहून ठेवलं, तरी ते पान मुकं राहणार नाही.

मंडळ्यांच्या पाळकांना आणि पंचांना: बाप्तिस्म्याची, लग्नाची जुनी रजिस्टरं कुलपात आहेत एवढ्यावर समाधान मानू नका. दर पावसाळ्यानंतर ती उघडून बघा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, त्याचा डिंक वर्षांनी कागद खाऊन टाकतो. लॅमिनेशन तर मुळीच करू नका. ते पुन्हा काढता येत नाही. सुती कापडात गुंडाळा, आडवी ठेवा, ओल्या भिंतीपासून हातभर दूर. कडुलिंबाची वाळलेली पानं आणि वेखंडाची पुरचुंडी आपल्या आज्या ठेवत आल्या, तेवढं आपणही करू शकतो.

महाराष्ट्र मंडळांना, जबलपूरच्या आणि इंदूर, भोपाळ, नागपूर, बंगळुरूच्याही: दर वर्षी गणेशोत्सवात आपण मांडवावर जो खर्च करतो, त्यातून एका कार्यकर्त्याचं सहा महिन्यांचं मानधन निघतं. तेवढ्यात मराठी पुस्तकांची एक यादी होते, नीट, नावांच्या सगळ्या पर्यायांसह. ती यादी झाली की सोलापूरच्या किंवा शिकागोच्या अभ्यासकाला कळेल की अमुक पुस्तक जबलपूरला आहे. यादीत नसलेलं पुस्तक असून नसल्यासारखं.

विश्वस्तांना एवढंच: ग्रंथपालाची जागा रिकामी ठेवू नका. आणि छाटणीच्या यादीत मराठी पुस्तक आलं तर ते फेकण्याआधी शहरातल्या मराठी माणसांना एक निरोप पाठवा. आम्ही येऊ.

आणि ज्यांच्या घरी माळा आहे, ट्रंक आहे, आजीची पेटी आहे, त्या प्रत्येकाला. कबाड्याला हाक मारण्याआधी एकदा पुस्तकं उघडा. मजकूर सोडा, पहिलं आणि शेवटचं कोरं पान पाहा. तिथं नावं असतील. गठ्ठ्यात पत्रं असतील, मंडळीच्या वार्षिक सभेचे कागद असतील, हातानं उतरवलेली भजनं असतील, एखाद्या जुन्या मासिकाचे अंक असतील. मूळ द्यायचं नसेल तर देऊ नका, फोनवर पानांचे फोटो काढून द्या. कोणाचं, कुठून आलं, कोणत्या साली, हे एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. ती चिठ्ठी पुस्तकाइतकीच मोलाची.

वहिनींशी मी परवा बोललो. ‘उपासना संगीत’चं ते कोरं पान आम्ही दोघांनी मिळून वाचलं, पण मोडीतली वरची ओळ मला लागली नाही. कोणाला लागत असेल तर कृपा करून पुढं या. पुस्तक आणि अंक ग्रंथालयात द्यायला त्या तयार आहेत. त्यांनी फक्त एक अट घातली: सरांच्या वडिलांच्या जन्माची ती ओळ आधी वाचून दाखवा.